रायफलवाला साचा

फेब्रुवारी उतरणीला लागला की नाशकात दोन गोष्टी एकदम हातघाईवर येतात, द्राक्षं आणि उत्तरपत्रिका. त्यातल्या त्यात द्राक्षांचं बरं असतं. त्यांना निदान कोणीतरी चाखून बघतं.

मी कला महाविद्यालयात कलेचा इतिहास शिकवतो. म्हणजे ज्यांना चित्रं काढायची आहेत अशा मुलांना दुपारच्या जेवणानंतर अंधाऱ्या खोलीत बसवून दुसऱ्यांची चित्रं दाखवतो. मुलं गुणी आहेत, घोरत नाहीत. परीक्षेत एक प्रश्न मी दरवर्षी टाकतो, कारण त्याचं उत्तर मला पाठ आहे आणि तपासायला चष्मासुद्धा लागत नाही. महायुद्धाने आधुनिक कलेला आणि साहित्याला काय दिले? यंदा एका मुलीने लिहिलं होतं, ‘युद्धाने कलेला भरपूर विषय दिले, त्याबद्दल कला युद्धाची कायम ऋणी राहील.’ मी मोठ्याने हसलो, लाल पेन उचललं आणि तसाच थांबलो. कारण वर्षानुवर्षं मी वर्गात हेच सांगत आलोय. फक्त माझी भाषा जरा बरी असते, आणि मधेमधे मी हाताने केस मागे सारतो. सारायला आता फारसे उरले नाहीत, पण सवय.

पेपर बाजूला सारून चहाला बाहेर पडलो. टपरीवरच्या टीव्हीत युद्ध चालू होतं. हल्ली ते चालूच असतं, कुठलं ते विचारण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. शेजारी उभा असलेला टेम्पोवाला सांगत होता की जहाजं लांबून वळसा घालून चाललीत, कंटेनर बंदरात अडकलेत आणि माल आत गोड होऊन होऊन सडायला लागलाय. कोणीतरी म्हणालं, ह्या युद्धाने आपली वाट लावली. सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्याकडे युद्ध असंच येतं, दुसऱ्याच कुठल्यातरी वस्तूचं सोंग घेऊन. मराठीतली नवी कविता महायुद्धातून जन्मली असं मी मुलांना सांगतो, तेव्हाही एखादा जागा असलेला विचारतो, सर, पण इथे कुठे युद्ध झालं होतं? इथे रॉकेलच्या रांगेत झालं होतं, बाबा. साखरेच्या काळ्याबाजारात झालं होतं. तिकडे चेहरे फुटले, इकडे कवींच्या ओळी फुटल्या. असं मी म्हणतो आणि मुलं ते लिहून घेतात.

आम्हा नाशिककरांना तर युद्धाचा आवाजही सवयीचा आहे. देवळालीच्या बाजूला तोफांचा सराव चालतो. सकाळी दात घासताना लांबून धप् असा आवाज येतो, खिडकीची काच किंचित थरथरते. पाहुणे दचकतात, आम्ही चूळ भरतो. लहान असताना मला वाटायचं, सगळ्याच गावांना असा आवाज येत असणार, जसे कावळे असतात.

टपरीवरून परत येताना क्रेट लादलेला टेम्पो जवळून गेला. द्राक्षाच्या घडांबरोबर ठेवतात त्या गंधकाच्या कागदाचा घशाला खवखवणारा वास मागे राहिला, आणि त्या वासाने मला सरळ कॉलरला धरून त्या जुन्या हंगामात नेऊन उभं केलं. विलासच्या शेडमध्ये. तिथे तेव्हा त्या वासात रेझिनचा वास मिसळलेला होता आणि स्टुलावर तात्या बसलेले होते.

विलास माझा वर्गमित्र. आम्ही दोघं एकाच वर्षी शिल्पकलेला होतो. शेवटच्या परीक्षेला मी ‘युद्धानंतरचा माणूस’ नावाचा मातीचा पुतळा केला होता. मातीच्या पुतळ्याला आत सळईचा सांगाडा लागतो. तो मी आळसाने अर्धाच बांधला. परीक्षेच्या दिवशी सकाळी माणूस कमरेतून बसला, त्याचं डोकं त्याच्याच मांडीत आलं. मी कोपऱ्यात घाम पुसत उभा होतो. परीक्षक आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, कोसळणं फार छान पकडलंय. मला पहिला वर्ग मिळाला. विलासचा पुतळा सरळ उभा होता, त्याला दुसरा. तेव्हापासून तो पुतळे करतो आणि मी पुतळ्यांविषयी बोलतो.

द्वारका चौकाच्या गर्दीतून एकदाचं सुटून आग्रा रोडला लागलं की पुढे त्याची पत्र्याची शेड आहे. आत फायबरचे पुतळे उभे, कोणी रंगवलेला, कोणी नुसताच पांढरा. फौजी बनवायचा त्याच्याकडे एक साचा आहे. डावा पाय पुढे, छाती भरलेली, दोन्ही हातांत तिरकी रायफल. देह सगळ्यांना तोच. मुंडकं तेवढं फोटोवरून मातीत नव्याने घडवायचं, त्याचा साचा काढायचा आणि मानेशी जोडायचं. जिल्ह्यात कुठेही जा, पिंपळगावकडे जा की बागलाणात नामपूरच्या अंगाला जा, गावाच्या कमानीशी एखादा फौजी उभा असतो, आणि गळ्याखाली बघितलं की मला ओळख पटते. सगळे विलासचे. वेगवेगळ्या आयांची पोरं, छाती एकच. आधुनिक युद्धाने माणसं एका मापाची करून टाकली हे वाक्य मी वर्गात टाळीच्या अपेक्षेने टाकतो. विलास तेच फायबरमध्ये करतो आणि त्याला टाळी नको असते.

त्या हंगामात मी परीक्षांना कंटाळून रोज दुपारी शेडमध्ये जाऊन बसायचो. एकदा जीप थांबली आणि दोघं उतरले. पुढे भाऊसाहेब. पिंपळगावच्या पुढे आत वळलं की लागणाऱ्या एका गावच्या सरपंच एक बाई होत्या आणि हे त्यांचे मिस्टर, म्हणजे सरपंचपद बाईंचं आणि बोलायचं काम ह्यांचं. द्राक्ष निर्यात करायचे. पुतळ्याचा खर्च त्यांनी आणि गावातल्या बागाईतदारांनी उचलला होता. त्यांच्या मागून पांढरी टोपी, सदरा, पायजमा अशा वेशात तात्या. वयाने सत्तरीकडे झुकलेले, बैलाच्या मागे चालून चालून पावलं बाहेर फाकलेली. त्यांचा मुलगा सोमनाथ सैन्यात होता. उत्तरेत वर डोंगरात बर्फ सरकला आणि तो त्याखाली गेला. गोळी नाही, शत्रू नाही. बर्फ.

भाऊसाहेबांनी काम सांगितलं. तेच, रायफलवालं. येत्या महिन्यात मंत्री येणार, त्याच्या आत उभं राहिलं पाहिजे. विलासने मान डोलावली. सगळं ठरल्यासारखं झालं तेव्हा तात्या पहिल्यांदा बोलले.

“रायफल नको. खच्चर टाका.”

भाऊसाहेब आमच्याकडे बघून हसले, म्हातारा जरा असा आहे अशा अर्थाने. विलासने विचारलं, काय टाकू?

“खच्चर. पोरगं खच्चरावर होतं ना.”

सोमनाथ खेचरांच्या तुकडीत होता. जिथे गाडी जात नाही तिथे दाणापाणी, रॉकेल, औषधं खेचरांच्या पाठीवरून जातात. सोमनाथच्या हवाली एक खेचर होतं. तो तिला राणी म्हणायचा. तात्यांनी जन्मभर बैल सांभाळलेले, खेचर त्यांनी कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. पण मुलाचा फोन आला की दोघं तिच्याबद्दलच बोलायचे. पाठीला खोगीर घासून जखम झाली, काय लावू? तात्या सांगायचे हळद आणि तेल, माशी बसू देऊ नको. तिकडे जनावरांचा डॉक्टर होता, त्याने मलम दिलेलं असायचं, तरी पोरगं विचारायचं. दाणा खात नाही, काय करू? पाय उचलून बघ, खुरात खडा असंल. खडाच निघाला, तात्या. एवढं बोलून फोन ठेवायचा. बापलेक आयुष्यात दुसरं काही बोलले नसावेत. लग्न, घर, जमीन, सगळं त्यांनी त्या जनावराच्या आडून बोलून घेतलं.

तात्यांच्या मोबाइलमध्ये एक फोटो होता. बर्फाचं पांढरं, पुढे खेचराची मान, आणि मानेमागून अर्धाच दिसणारा सोमनाथ. एक डोळा, अर्ध्या मिशा, अर्धं हसू. तात्या तो फोटो विलासच्या नाकाशी धरून म्हणाले, असा पायजे. विलास म्हणाला, तात्या, हा अर्धाच चेहरा आहे, उरलेला कुठून आणू? आणि माझ्या अंगात एकदम माझा तिसऱ्या वर्षाचा पेपर संचारला. मी सांगायला लागलो की हेच तर, अर्धा चेहरा! युद्धानंतर युरोपातल्या कलावंतांनी अख्खा माणूस दाखवायचंच नाकारलं...

“गप बस रे,” विलास म्हणाला.

मी गप्प बसलो असतो तर तो मी नव्हेच. त्या अर्ध्या चेहऱ्याने मला झोप येईना. मी वर्गात शिकवायचो ते माझ्या डोळ्यांपुढे उभं राहत होतं. युद्धाआधी चौकाचौकात ब्राँझचे वीर, घोड्यावर, तलवार उपसलेली. मग खंदक आले, विषारी वायू आला, चिखलात माणसं आणि जनावरं एकाच खड्ड्यात कुजली. आपल्याकडचीही गेली होती, माणसं आणि खेचरंही, बोटीत भरून. त्यानंतर शौर्य, बलिदान, कीर्ती ह्या शब्दांना असा काही वास यायला लागला की लेखकांनी ते तोंडातून काढणं सोडलं. वाक्यं अर्ध्यात टाकली. कवींनी यमकं फेकून दिली. चित्रकारांनी चेहऱ्याचे तुकडे केले. खरं तर तुकडे करायला त्यांनी युद्धाच्या थोडं आधीच सुरुवात केली होती, युद्धाने ते तुकडे खरे करून दाखवले. मुलं इथे नेहमी चुकतात आणि मी दोन गुण कापतो. शिल्पकारांनी माणसाच्या पोटातून आरपार भोकं पाडली. आणि इकडे, आग्रा रोडला, एक टोपीवाला म्हातारा आपणहून म्हणतोय की वीर नको, रायफल नको, जनावर द्या. मला वाटलं, आधुनिकता नाशिक जिल्ह्यात चालत आलीये, पायजमा घालून.

म्हणून गावात बैठक होती तेव्हा मी विलासबरोबर गेलो. कुर्ता घातला. देवळाच्या सभामंडपात सतरंजी होती, कोपऱ्यात कोणीतरी सडके मणी काढलेले घड परातीत आणून ठेवले होते, हवेत तोच गंधकाचा वास. तात्यांनी मला ओळखलं, हाताला धरून पुढे बसवलं आणि म्हणाले, सर, तुम्ही शिकवता ना, मंग तुम्हीच सांगा ह्यांना. माझी छाती साच्यातल्यासारखी भरून आली.

मी बोललो. किती बोललो ते विलास अजूनही लग्नांत सांगतो. मी महायुद्ध घेतलं, खंदक घेतले, पोकळ आकृती घेतली. बोलता बोलता मी तात्यांच्याही पुढे गेलो. तात्यांना मुलगा आणि खेचर हवं होतं. मी म्हणालो, मुलगाही नको, नुसतं खेचर उभं करा, पाठीवर रिकामं खोगीर. त्याचं नसणं हाच त्याचा पुतळा! मला वाटलं होतं, सगळे स्तब्ध होतील. तसे ते झालेही. मग मी सभामंडपाच्या फरशीवर खडूने चित्र काढून दाखवलं. माझं रेखाटन कॉलेजपासूनच कच्चं. भाऊसाहेब वाकले, मान इकडून तिकडून वाकडी करून बघितलं आणि अतिशय अदबीने म्हणाले,

“सर, मंत्र्यांनी ह्या गाढवाला हार घालायचा का?”

हशा असा उठला की देवळाच्या शिखरावरची कबुतरं उडाली. तात्या हसले नाहीत. ते फरशीवरच्या चित्राकडे बघत होते. मग त्यांनी हळूच मला सांगितलं, कान येवढे लांब नसतात तिचे.

पुढे कित्येक दिवस मी स्वतःला समजावत होतो की माझ्या भाषणाने तात्यांचं काम बिघडलं. आता वाटतं, ही सुद्धा आत्मप्रौढीच. माझ्या बोलण्याने काही बिघडायला त्याचा काही परिणाम व्हावा लागतो. मी नसतो गेलो तरी भाऊसाहेबांनी रायफलच उभी केली असती. त्यांचंही चूक होतं असं म्हणवत नाही. शेजारच्या गावच्या कमानीशी रायफलवाला होता. आपल्या गावाने खेचरवाला उभा करायचा आणि लग्नाच्या वरातीत पाहुण्यांचे टोमणे खायचे? तात्या मात्र सोडायला तयार नव्हते. पोराचा बाप नाही म्हणत असताना पुतळा कसा बसवायचा, म्हणून काम अडलं. मंत्र्यांची तारीख जवळ येत होती, बागा तोडणीला आल्या होत्या, आणि विलासच्या शेडमध्ये बिनमुंडक्याचा फौजी रायफल धरून थांबला होता.

मग एका दुपारी मनीषा आली. सोमनाथची बायको, तात्यांची सून. एकटीच, बसने, पॅकहाउसची टोपी अजून पर्समध्ये कोंबलेली. तिथे ती निर्यातीच्या मालाची छाटणी करायची, घडातला खराब मणी शेजारच्याला धक्का न लावता कात्रीने काढायची. तिने विलासला एक फोटो दिला. स्टुडिओतला, भरतीनंतरच्या प्रशिक्षणातला. कडक इस्त्री, मागे रंगवलेले डोंगर, हातात रायफल, चेहरा पूर्ण. ओठ घट्ट मिटलेले. मोबाइलमधल्या अर्ध्या हसूशी ह्या चेहऱ्याचं काही नातं आहे असं सांगूनही पटलं नसतं.

“हा लावा,” ती म्हणाली.

मी अर्थातच तोंड उघडलं. तात्यांची इच्छा, राणी, बर्फ, असं काहीतरी म्हणालो. तिने मला पुरतं बोलू दिलं. मग सांगायला लागली. सोमनाथ सुट्टीवर आला की पारावरचे लोक विचारायचे, काय फौजी, लीद उचलून आला का? तोही हसायचा, त्यांच्यापेक्षा मोठ्याने. घरी आला की साबणाने हात धूत राहायचा. तात्यांपुढे खेचराच्या गोष्टी सांगायचा, कारण तात्यांना त्या आवडायच्या. तिला मात्र एकदा हा फोटो दाखवून म्हणाला होता की माझं कधी काही बरंवाईट झालं तर हा लावायचा, दुसरा लावायचा नाही.

“त्यांना रायफलच पायजे होती, सर. कोणी दिली नाही. मेल्यावर तरी द्या.”

विलासने फोटो घेतला. मी खाली बघत होतो, माझ्या चपलेवर प्लास्टरचे ठिपके पडले होते. निघताना ती थांबली आणि म्हणाली, तात्यांना हे सांगू नका. त्यांना वाटतं, हे सुट्टीला यायचे ते फक्त त्यांच्याशी बोलायला. राहू दे तसंच. त्यांचं माझं मी बघते.

तिने काय बघितलं ते मला माहीत नाही. दोन दिवसांनी भाऊसाहेबांचा फोन आला की म्हातारा हो म्हणाला.

एक गोष्ट मी वर्गात एका ओळीत उरकत असे, त्या हंगामानंतर ती ओळ मला टोचायला लागली. ज्या वर्षांत ते थोर कलावंत चेहऱ्यांचे तुकडे करत होते, त्याच वर्षांत काही शिल्पकार दवाखान्यात बसून चेहरे जोडत होते. खंदकातून परतलेले सैनिक, कोणाचा जबडा गेलेला, कोणाचं नाक. त्यांचे युद्धाआधीचे फोटो मागवायचे, त्यावरून तांब्याच्या पातळ पत्र्याचा मुखवटा घडवायचा, कातडीचा रंग द्यायचा, खऱ्या केसांच्या भुवया लावायच्या आणि चष्म्याच्या काड्यांनी तो कानाला अडकवायचा. तो लावून माणूस घरी जायचा, बागेत बाकावर बसायचा. मुखवटा म्हातारा होत नसे, हसत नसे. त्या शिल्पकारांची नावं माझ्या पेपरात कधी आली नाहीत, कारण त्यांनी काही नवं केलं नाही. लोकांनी मागितलं ते दिलं. तुकडे करणाऱ्यांवर मी धडेच्या धडे शिकवतो. पण तुकडे झालेला माणूस कोणाकडे गेला होता? आपल्या तुकड्यांचं चित्र काढून घ्यायला नक्कीच नाही. तो पत्र्यावाल्याकडे गेला. विलासकडे.

हे मी विलासला सांगितलं तेव्हा त्याला गहिवरून येईल अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, तांब्याचा पत्रा परवडत होता का त्यांना? आणि रायफलच्या दस्त्याला पॉलिश पेपर घासत राहिला.

मुखवट्याचं एक होतं मात्र. तो ज्याने मागितला त्याला मिळाला. पण त्याच्याबरोबर घरात राहणारे? ज्यांना तो फुटका चेहराच ओळखीचा झाला होता, ज्यांनी तो हाताने धुतला होता, त्यांनी काय करायचं? ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. असतं तर तो मी परीक्षेत टाकला असता.

अनावरण झालं. कमानीशी मांडव, लाउडस्पीकर, खुर्च्यांना पांढरे अभ्रे. फ्लेक्सवर सोमनाथचा स्टुडिओतला फोटो आणि खाली अक्षरं, ‘शत्रूशी लढताना वीरगती’. बर्फाला वाचता येत असतं तर त्याला बरं वाटलं असतं. मंत्री उशिरा आले, तोवर पॅकहाउसला ट्रक भरायचे म्हणून अर्धी माणसं निघून गेली होती. कापड ओढलं गेलं. विलासने मुंडकं फार छान केलं होतं, खरंच. ओठ घट्ट मिटलेला तो चेहरा त्या भरलेल्या छातीवर असा बसला होता, जणू ह्याच देहासाठी जन्मला. मनीषा पदर डोक्यावर घेऊन पहिल्या रांगेत उभी होती. तिने मान वर केली आणि खूप वेळ खाली घेतली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी नाव देणार नाही, देऊन बघितलं आहे, जमत नाही. एवढंच सांगतो की पारावरचे ते लोक सगळे तिच्या मागे ताठ उभे होते.

तात्यांना हार घालायला स्टुलावर चढवलं. हार घातल्यावर ते लगेच उतरले नाहीत. त्यांनी हाताने रायफल धरली आणि जराशी हलवून बघितली, सुटते का म्हणून. विलासचं काम, सुटतेय कुठली. खालून कोणीतरी म्हणालं, तात्या, फोटो. तात्यांनी हात काढून घेतला.

ह्या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. माझ्या वर्गातली मुलं बदलली, झोपण्याची पद्धत तीच. यंदा पेपरांचा गठ्ठा तसाच टाकून मी विलासबरोबर त्या गावाला गेलो. फायबरला ऊन लागलं की रंग उडतो, दर काही वर्षांनी हात मारावा लागतो. रस्त्यात क्रेटचे टेम्पो उभेच्या उभे होते, पुढे माल उचलला जात नव्हता. गावात शिरताना भाऊसाहेब दिसले. थकलेत. युद्धाने मारलं ओ सर, म्हणाले आणि कमानीकडे न बघता जीपमध्ये बसले.

विलास डबे उघडून बसला. सकाळचं ऊन होतं, थिनरचा वास. मी नेहमीप्रमाणे मदत करत होतो, म्हणजे सावलीत उभा होतो. तेवढ्यात तात्या आले, डोक्यावर घासाचा भारा. आम्हाला ओळखलं नाही बहुतेक, किंवा ओळखून काही वाटलं नाही. पुतळ्यासमोर आले, भारा उतरवला, चप्पल काढली आणि दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मारुतीला करावा तसा, रोजच्या सवयीचा, पटकन उरकलेला नमस्कार.

मी जन्माचा बावळट. जिथे तोंड मिटायचं तिथेच माझं उघडतं. म्हणालो, तात्या, बापाने कधी पोराला हात जोडायचे असतात का?

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. मी अडाण्यासारखं काहीतरी विचारलं आणि मोठ्या माणसाने ते समजुतीने घ्यावं, तसं बघितलं.

“पोराला कशाला जोडू?” ते म्हणाले. “ह्यो गावाचा फौजी हाय. मोठा मानूस.”

विलासचा ब्रश थांबला. माझ्या जिभेवर एक वाक्य आलं होतं, मनीषाने त्या दुपारी शेडमध्ये सांगितलेलं, त्यांना रायफलच पायजे होती. ते बोललो असतो तर हा जो वर उभा होता तो तात्यांचा झाला असता, आणि फोनवरचा, खुरातला खडा काढणारा, तो त्यांच्या हातून गेला असता. आयुष्यात पहिल्यांदा मी एक वाक्य गिळलं. चव चांगली नव्हती.

तात्यांनी चप्पल पायात सरकवली, भारा उचलायला वाकले. मी दुसऱ्या बाजूने हात लावला. भारा डोक्यावर नीट बसल्यावर त्यांनी मान जराशी वळवून पुतळ्याकडे बघितलं, परक्या माणसाचा निरोप घेताना बघतात तसं.

“आमचा नाय बसवला अजून,” म्हणाले, आणि चालायला लागले.